आवडाकाकीचा खडा

फार वर्षांपूर्वी, रंग बाजारात डबीत मिळत नव्हते तेव्हाची ही गोष्ट. तळकोकणात कोंडवळ नावाच्या गावात आवडा नावाची चितारीण राहायची. सगळं गाव तिला आवडाकाकी म्हणायचं. लाकडी खेळणी रंगवणं हा घरचा धंदा. तिने रंगवलेल्या आंब्याला मुंग्या लागायच्या, असं म्हणतात. मी काही मोजल्या नाहीत.

गावच्या देवीच्या पालखीवर एक लाकडी पोपट असे. दर जत्रेला त्याला नवा रंग द्यायचा मान आवडाकाकीच्या घराचा. तो हिरवा रंग तिच्या सासऱ्यांनी घोटलेला. म्हातारा गेला आणि कृतीही सोबत घेऊन गेला. मागे राहिलं ते एकच मडकं. रंग बदलला तर पालखी जागची हलत नाही, असं म्हणत.

त्या मडक्याला आवडाकाकी जिवापाड जपायची. रंग जितका कमी होईल तितके नदीचे धुतलेले खडे आत टाकायची. रंग काठापर्यंत वर यायचा, वाऱ्याला आत जागाच उरायची नाही. मग तोंड मेणाने बंद करून मडकं पालथं ठेवायची.

एका वर्षी ती लेकीच्या बाळंतपणाला गेली. घरात राहिली धाकटी जाऊ द्वारकी. स्वभावाने गरीब, हाताला भारी स्वच्छ. जत्रा महिन्यावर आली म्हणून तिने घर आवरायला काढलं. मडकं पालथं दिसलं, तिने सुलटं केलं. मेण काढून पाहते तर आत खडे! तांदूळ निवडणारी बाई ती. तिने सगळे खडे वेचले, अंगणात फेकले आणि मडक्यावर करवंटी झाकली.

आवडाकाकी परतली तेव्हा जत्रेला तीन दिवस होते.

"गे बाय, रंगात खडे कोणी घातल्यान? मियां सगळे येचून काढलंय," द्वारकी कौतुकाने म्हणाली.

आवडाकाकीने करवंटी उचलली. तळाशी सुकून तडकलेली हिरवी खापरी. ती रडायलाच लागली. सासऱ्यांचा रंगही गेला आणि मानही गेला, असंच तिला वाटलं. द्वारकी तर चुलीमागे जाऊन लपली.

बातमी गावभर झाली. फुकटच्या सल्ल्याला काय तोटा! कोणी म्हणे उकळव, कोणी म्हणे घागरभर पाणी ओत. आवडाकाकीने डोळे पुसले आणि म्हणाली, "उपाशी माणसाक आधी पेज देवची, जेवाण नाय."

तिने मडकं कोमट पाण्याच्या परातीत ठेवलं. आंब्याच्या पानाच्या टोकाने एक थेंब आत सोडला, वर ओला पंचा झाकला आणि थांबली. घटकेने आणखी एक थेंब. पहिला दिवस गेला, खापरी तशीच. दुसऱ्या दिवशी कडा सुटल्या. तिसऱ्या सकाळी काडी फिरवली तर काडी फिरली! जुन्या लुगड्यातून रंग गाळला, तो पानासारखा हिरवागार. आवडाकाकी एवढी हसली की द्वारकी चुलीमागून बाहेर आली.

पोपट रंगला, पालखीवर बसला. तेवढ्यात रानातला एक खरा पोपट आला आणि शेजारी बसला. दोन्ही सारखेच! पालखी उचलली तसा एक उडून गेला. उरलेला कुठला, हे विचारायचं धाडस कोणी केलं नाही, असं म्हणतात.

आवडाकाकी जत्रेतून घरी येऊन पाहते तर द्वारकी अंगणात गुडघ्यांवर बसून खडे शोधत होती. आवडाकाकीने तिला उठवलं. म्हणाली, "येचलंस तूच. आता घाल पण तूच. ह्यो मान तुझो."

अजूनही कोंडवळात जत्रा झाली की उरलेल्या रंगात खडा टाकतात. आता रंग डब्यातले आहेत, तरी टाकतात. त्याला आवडाकाकीचा खडा म्हणतात. पहिला खडा द्वारकीच्या घरची सून टाकते आणि म्हणते, "रंगा, जागो रव." म्हणजे जागा राहा, सुकू नको. मगच बाकीचं गाव आपापली झाकणं लावतं.