बेटावरचा नंदादीप

कोण्या एका श्रावणात एक आई नवस बोलली होती. तिची लेक मेंदूज्वराने बेशुद्ध पडली होती, डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि हेमांगी नावाच्या त्या आईने खाडीच्या तोंडाशी असलेल्या बेटावरच्या देवळाकडे वळून हात जोडले. "माझी पोर उठून बसू दे. तुझ्या नंदादीपात जन्मभर दर सोमवारी माझ्या हाताने तेल घालीन." पोर उठून बसली. त्यानंतर हेमांगीचा सोमवार कधी चुकला नाही.

बेट मात्र देवळासाठी प्रसिद्ध नव्हते. परक्या राजवटीच्या काळात तिथे तुरुंग होता, आणि त्याचे नाव काढले तरी किनाऱ्यावरची माणसे आवाज खाली आणत. आता तो ओस पडला होता. शाळांच्या सहली येत, आणि बेटावरच जन्मलेल्या, वयोवृद्ध अक्का मुलांना गोल बसवून तो इतिहास सांगत. अक्कांची दृष्टी अधू होऊ लागली, तेव्हा त्यांनी हेमांगीला हाताशी घेतले. शिकवत मनापासून, कौतुक मात्र क्वचितच करत.

एका सोमवारी सहल आली. अक्का म्हणाल्या, "आज तू सांग. मी ऐकते. चुकलीस तर काठी आहेच."

हेमांगीने सुरुवात चांगली केली. "मुलांनो, जमिनीवरच्या तुरुंगाला उंच भिंती लागतात. इथे समुद्रानेच ते काम केले. आतल्या कोठड्या अशा बांधल्या होत्या की एका कैद्याला दुसऱ्याचे तोंड दिसू नये."

"मग ते भांडायचे कुणाशी?" एकाने विचारले. मुले खिदळली.

"भांडायला त्राण नसे, बाळा." हेमांगी त्यांना घाण्याच्या खोलीत घेऊन गेली. "इथे खोबऱ्याचे तेल गाळत. घाण्याला बैल नव्हते, माणसे जुंपत. संध्याकाळी तेल मापून घेत. माप भरले नाही, तर फटके."

खिदळणे थांबले. एका मुलाने घाण्याच्या आडव्या दांड्यावर टेकवलेला हात हळूच काढून घेतला. मुलांचे उतरलेले चेहरे हेमांगीला बघवेनात. आईचेच मन ते. ती घाईने त्यांना समोरच्या देवळात घेऊन आली.

"पण एवढ्या काळोखातही एक चांगली गोष्ट होती," ती म्हणाली. "इथल्या एका देशी अधिकाऱ्याची पत्नी फार धर्मशील होती. हे देऊळ तिने बांधवले, हा नंदादीप तिने लावला. चातुर्मासात ती पालेभाजीला विळी लावत नसे, पानाला दुखेल म्हणून. सणावाराला कैद्यांना स्वतःच्या हातचे लाडू पाठवी. त्या माउलीच्या पुण्याईने हा दिवा आजही तेवतो आहे."

मुलांचे चेहरे खुलले. हेमांगीलाही बरे वाटले. तेवढ्यात दोन वेण्या घातलेली एक मुलगी दाराबाहेर बोट दाखवत म्हणाली, "बाई, ती घाण्याची खिडकी का बुजवली आहे?"

"पावसाची झड येऊ नये म्हणून."

"पण झड तर समुद्राकडून येते ना? तिकडच्या खिडक्या उघड्याच आहेत. देवळाकडची एकच बंद आहे."

"ही शाळेतपण असंच करते बाई," तिची मैत्रीण म्हणाली. "तुम्ही लक्ष देऊ नका."

हेमांगीने अक्कांकडे पाहिले. अक्का काठी टेकत उठल्या, गाभाऱ्यात गेल्या आणि नंदादीपाची जळती वात त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत धरून विझवली.

गाभारा अंधारला. धुराची एक रेघ वर गेली. घरी दिव्याबद्दल 'विझला' हा शब्दही ती कुणाला उच्चारू देत नसे, आणि इथे तिच्या लेकीच्या आयुष्याचा दिवा तिच्याच गुरूने चिमटीत विझवला होता. लेक या घटकेला शाळेत असेल. जिन्यात असेल. रस्ता ओलांडत असेल. तिने कोनाड्यातली काड्यापेटी ओढून काडी काढली. अक्कांनी तिचे मनगट धरले.

"अक्का, माझी पोर..."

"तुझ्या पोरीला काही होत नाही. पाप लागायचंच तर माझ्या बोटांना लागेल. आधी त्या मुलीला उत्तर दे."

"मला ठाऊक नाही."

"मग तूही बस तिच्याजवळ."

हेमांगी मुलांमध्ये बसली. अक्का उभ्याच राहिल्या. "माझे आजोबा त्या घाण्याला होते. शिक्षा संपल्यावर घरच्यांनी दारात उभं केलं नाही, म्हणून इथेच राहिले. त्या बाईने अखंड दिव्याचं व्रत घेतलं, वर चातुर्मासात लाखवात. एवढं तेल आणायचं कुठून? नवरा माणूस प्रामाणिक. सरकारी तेलातला थेंब घेणं म्हणजे चोरी, असं तो मानायचा. म्हणून सरकारचं माप पुरं झाल्यावर, संध्याकाळी, दोघा कैद्यांना पुन्हा घाण्याला जुंपायचे. देवाचं काम म्हणून. त्यातला एक जण फार कण्हायचा. बाईने नवऱ्याला सांगितलं, जपात चित्त लागत नाही. दुसऱ्या दिवशी गवंडी आला."

वेण्यांवाली मुलगी म्हणाली, "म्हणजे ती वाईट होती?"

"तिथंच तर अडतं गं. आजोबा तापाने पडले, तेव्हा तिनेच पेज पाठवली होती. त्यांनी तिला कधी शिवी दिली नाही. एवढंच म्हणायचे, बाईने एकदा विचारायला हवं होतं, तेल येतं कुठून."

मग त्या हेमांगीकडे वळल्या. "फटके मारणाऱ्याची गोष्ट ऐकून मुलं घाबरतात आणि घरी जाऊन विसरतात. फटके मारणारा घरात नसतो ना. ही बाई घरात असते. देव्हाऱ्यासमोर बसलेली असते, आणि मनाने चांगली असते. तिला देवी करून टाकलंस, तर हा तुरुंग इतकी वर्षं चालला कसा, ते मुलांना कधीच कळणार नाही. आता दिवा लाव किंवा लावू नकोस. व्रत तुझं आहे."

हेमांगीच्या हातात काड्यापेटी तशीच राहिली. तिला एकदम पार्वती आठवली, तिच्याकडे धुणेभांडी करणारी. पार्वतीच्या मुलाचा कान महिनाभर वाहत होता, आणि सरकारी दवाखान्यात कानाचे डॉक्टर फक्त सोमवारी येत. "वहिनी, एक सोमवार सोडाल का?" तिने विचारले होते. दारातच चपला घालता घालता हेमांगी म्हणाली होती, "सोमवार सोडून कुठलाही वार घे गं. सोमवारी माझं व्रत असतं, घर कोण बघणार?" किती सहज म्हणाली होती. आवाजसुद्धा चढला नव्हता.

ती उठली आणि मुलांना पुन्हा घाण्याच्या खोलीत घेऊन गेली. बुजवलेल्या खिडकीखाली उभे राहून तिने सारी गोष्ट नव्याने सांगितली, त्या बाईपासून सुरुवात करून. लाडू गाळले नाहीत, गवंडीही गाळला नाही. अक्का दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी काठी आपटली नाही.

निघण्यापूर्वी हेमांगीने दिवा लावला. या वेळी देवाकडे काही मागितले नाही. मग धक्क्यावर येऊन तिने घरी फोन केला.

"पार्वती, पुढच्या सोमवारी येऊ नकोस. मुलाला दवाखान्यात ने. मी बेटावर मंगळवारी जाईन."

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. "वहिनी," पार्वती घाबरून म्हणाली, "माझं काही चुकलं का?"

लाँचवाल्याने दोनदा हाक मारली. शेवटी ती म्हणाली, "नाही गं. कानात बोळा घालूनच ने, वारं लागेल." आणि लाँचमध्ये बसून ती रडली.

मैत्रिणींनो, आपल्या व्रतांवर माझी फार श्रद्धा आहे, आणि ती सोडा असे मी कुणाला सांगणार नाही. मागणे एवढेच आहे. आज सांजवात लावण्यापूर्वी, आपले हे व्रत घरात कुणाच्या पाठीवर उभे आहे, ते एकदा त्याच माणसाला विचारा. उत्तर नीट ऐकून घ्या, आणि मग दिवा अवश्य लावा.