डाळिंब खाल्लेली दवंडी

प्रचाराच्या रिक्षेला पैसे कोण देतं, असं माझ्या लेकीनं, ओवीनं विचारलं. उत्तरासाठी मी रात्रभर जागले. सकाळी गोष्टच रचली.

फार पूर्वी तळ्याकाठच्या बदकिणीला अंड्यांसाठी राखणदार निवडायचा होता. पोपट दवंडी देत होता, "ऐका हो ऐका, कासव झोपाळू, कोल्हाच बरा."

चिमणी म्हणाली, "पोपटदादा, दवंडी कुणाची ते आधी सांगतात. चोचीला डाळिंब कुणाचं लागलंय?"

"देणाऱ्याला नाव नकोय गं. पिल्लं उपाशी होती माझी."

"मग त्यांना घाल की खाऊ. फक्त नाव सांग."

पोपटानं चोच फांदीला पुसली. मग मान खाली घालून ओरडला, "ऐका हो ऐका, कोल्ह्याचं डाळिंब खाऊन सांगतो, कोल्हाच बरा."

बदकिणीनं अंडी राखायला कासवाला हाक मारली.

ओवी म्हणाली, "आई, आणि तुला ही गोष्ट सांगायला कोणी काय दिलं?"