निरोपाचा मांडव

एका खाडीच्या तोंडाशी वेळशी नावाचं एक गाव होतं आणि त्या गावाला निरोप देण्याची भारी हौस होती. कोणी पलीकडच्या तीरावर लग्नाला निघालं तरी इकडे ताशा वाजायचा. मग समुद्रापार निघालेल्या गलबताचं काय विचारता!

त्या गलबताचं नाव पाखरू. धाकू तांडेल त्याचा धनी. तांडेल धरून बारा जण दूरच्या लवंगांच्या बेटावर जाणार होते. जायचं ते थंडीत, वारा पाठीशी असताना. परतायचं ते वैशाखात, वारा उलटल्यावर. यात कोणाची मर्जी चालत नाही.

बारांत एक मुलगी होती, मथुरा. दोन वर्षं तिने तांडेलाची शिडं शिवली, डोलकाठीवर चढून तळव्यांना घट्टे पाडून घेतले. त्या बदल्यात तिने एकच गोष्ट मागितली, "काका, मला न्या."

पण न्यायचं तर आधी निघायला हवं ना!

भरलेलं गलबत खाडीबाहेर काढायला उधाणाची मोठी भरती लागे. ती यायची अमावास्येला आणि पौर्णिमेला, दुपारच्या सुमाराला, नि पुढचे दोन दिवस. खाडीच्या तोंडाशी कासव्या नावाचा खडक होता. त्याची पाठ पाण्याखाली गेली की वाट खुली. पाठ पुन्हा वर आली की वाट बंद. शेंबड्या पोरालाही कळेल इतकं हे सोपं होतं.

गावाला कळत नव्हतं. गेल्या वर्षी एकेक उधाण निरोपातच गेलं. एकदा हार आले नाहीत. एकदा ताशेवाले जेवायला बसले होते. एकदा सगळं वेळेवर जमलं, तर गावच्या खोतांचं, अंतोबांचं, भाषण संपेना. शेवटी वारा फिरला आणि पाखरू वर्षभर खाडीतच उभं राहिलं. त्याच्या तळाला कीड लागली.

यंदाही तेच. मार्गशीर्षातली दोन्ही उधाणं वाया गेली. प्रवासासाठी भरलेला तांदूळ निरोपाच्या पंगतीत शिजला, तो पुन्हा भरावा लागला. पौषातली पौर्णिमा गेली. प्रतिपदा गेली. द्वितीयेच्या सकाळी तांडेल मथुरेला म्हणाला, "पुढच्या उधाणापर्यंत हा वारा टिकायचा नाही. आज निघालो नाही तर पाखरू मोडीत काढायचं. आणखी एक वर्ष खाडीत काढायचं त्राण नाही त्याच्यात."

"मग आज मांडवात बसायचंच नाही, काका."

"अगो, खोतांचा मान राखायला नको? घटकाभर बसू नि उठू."

घटकाभर! मथुरेने कपाळावर हात मारला.

मांडव किनाऱ्यावरच होता, पण व्यासपीठ समुद्राकडे पाठ करून बांधलेलं. समोर सगळं गाव बसलेलं. वर बाकांवर बारा जण, गळ्यात हार घालून, बोहल्यावर बसवल्यासारखे. एकेकाला बोलावून अंतोबा शाल पांघरवत होते आणि प्रत्येक शालीमागे एक भाषण होतं.

"पाखराला पंख असतात," अंतोबा म्हणाले. "पण पंख म्हणजे काय?"

मथुरेने मान वळवून मागे पाहिलं. कासव्याची पाठ बुडालेली होती, पण तिच्यावर पाणी फेसाळायला लागलं होतं. ओहोटी लागली होती.

"काका, खडक बघा," ती कुजबुजली.

"बस गो. चारच शाली राहिल्यात."

"त्यातली एक माझी आहे. ती राहू द्या."

"लोक काय म्हणतील?"

"लोक दोन वर्षं म्हणतातच आहेत, काका. आपण निघालो कुठे?"

तेवढ्यात अंतोबांनी तिच्याकडे हात केला. "आणि ही मथुरा! समुद्रापार गेलेली आपल्या गावची पहिली मुलगी!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. शाल उलगडली गेली. हिरवी, जरीच्या काठाची. नाही म्हटलं तरी मथुरेला बरं वाटलं. आई खाली बसून डोळे पुसत होती. दोन पावलं टाकली की शाल खांद्यावर. आणि मग पहिल्या मुलीवर भाषण.

मथुरा उठली. तिने गळ्यातला हार काढून बाकावर ठेवला.

"खोतआबा, मी अजून कुठेही गेलेली नाही," ती म्हणाली. "गेले की मग बोला."

आणि व्यासपीठाच्या मागच्या बाजूने तिने वाळूत उडी मारली.

"लाजली पोर!" अंतोबा हसले आणि लाजेवर बोलू लागले.

धाकू तांडेलाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा खडकाकडे. मग शाल सावरत तोही उतरला. त्याच्यामागून सात जण गेले. ज्यांची शाल अजून यायची होती ते तिघे म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, आम्ही आलोच," आणि बसून राहिले.

अंतोबांच्या पाठीमागे नांगर उचलला गेला. शीड वर चढलं, वाऱ्याने भरलं. समोर बसलेलं गाव ते पाहून उभं राहिलं, ओरडू लागलं, टाळ्या पिटू लागलं. अंतोबांना वाटलं, आज भाषण रंगलंय. त्यांनी ते आणखी लांबवलं.

"तर मग जा, पाखरांनो, जा!" शेवटी ते गरजले आणि वळले.

खाडी रिकामी होती. कासव्याच्या उघड्या पाठीवर एक पाणकावळा पंख वाळवत बसला होता. दूर क्षितिजाशी नखाएवढं शीड दिसत होतं. तिघे जण नव्या शाली पांघरून, भर दुपारी घाम पुसत उभे होते.

वैशाखात पाखरू परतलं. लवंगांचा वास गलबताच्या आधी गावात शिरला. किनाऱ्यावर अर्थातच मांडव होता. मात्र या खेपेला त्याचं तोंड समुद्राकडे होतं. अंतोबा दोन्ही हातांत हार घेऊन गुडघाभर पाण्यात उभे होते.

"आबा, हार नंतर!" गलबताच्या पुढच्या टोकावरून, नाळेवरून, मथुरा ओरडली. "पाणी उतरतंय. आधी ओढा!"

तिने फेकलेला ओला दोर थेट अंतोबांच्या छातीवर आदळला. हार पाण्यात पडले. शालवाले तिघे धावत आले आणि खोतांच्या मागे दोराला लागले. अंतोबांनी आयुष्यात पहिल्यांदा गलबत ओढलं. ते काठाला लागलं तेव्हा भाषण करायला त्यांच्यात दम उरला नव्हता.

तात्पर्य: निघायची वेळ पाण्याला विचारावी, मांडवाला नाही, आणि ज्याला खरोखर कोणाला निरोप द्यायचा आहे, त्याने आधी त्याच्या वाटेतून बाजूला व्हावं.