रिकाम्या घागरीचा आवाज

फार पूर्वी एका डोंगरउतारावर एक गाव होतं. घरं वर, नदी खाली आणि मधली वाट शेवाळलेली. पाण्याला गेलेली बाई परत येईपर्यंत घरच्यांच्या जिवात जीव नसे. म्हणजे, ज्यांचं लक्ष असे त्यांच्या.

तिथल्या एका तरुण आईची लेक नुकतीच कळशी उचलण्याजोगी झाली होती. ‘पायऱ्या बांधा’ म्हणून बायका पाटलाला विनवत. पाटील म्हणे, “बघू.”

एकदा राजाचं फर्मान आलं : यंदा पाटील निवडताना बायकांनीही कौल द्यायचा. रीत जुनीच. देवळामागच्या अंधाऱ्या खोलीत एकट्याने जायचं, तांब्याच्या दोन घागरींपैकी एकीत चिंचोका टाकायचा. एक घागर पाटलाची. दुसरी, पायऱ्यांचं वचन देणाऱ्या कुंभारणीची. “आम्ही सगळ्या तुझ्याच!” बायकांनी नदीवर तिला शब्द दिला.

पण मान पुरुषांचा पहिला. त्यांच्या चिंचोक्यांनी पाटलाची घागर निम्मी भरली. तिच्यात काही टाकलं तरी आवाज होईना. कुंभारणीची मात्र रिकामी. एक चिंचोका पडला तरी ठणकन वाजणार.

बाहेर पारावरून कुणी ओरडलं, “कान उघडे ठेवा रे! कुणाची बायको वाजवते बघू!”

“सूनबाई, सांभाळून हं,” त्या तरुण आईला तिची सासू म्हणाली.

आई आत गेली. रिकाम्या घागरीवर तिने हात नेला. ‘आधी दुसऱ्या कुणाला तरी टाकू दे,’ तिला वाटलं. ‘तळ झाकला की आवाज व्हायचा नाही. मी एकटीनंच का घरात भांडण न्यावं?’ तिने चिंचोका पाटलाच्या घागरीत सोडला.

मग दाराशी उभी राहून ती कान देऊन ऐकत राहिली. बाया जात होत्या, येत होत्या. घागर एकदाच वाजली, अगदी शेवटी. कुंभारीण स्वतः आत गेली तेव्हा.

त्या पावसाळ्यात आईची लेक उतारावरून घसरली. कळशी सापडली, लेक नाही.

आई पाटलाच्या दारात जाऊन आकांत करू लागली. पाटील हळूच म्हणाला, “बाई, पूर्वी तू मला बोलली असतीस तर खाली मान घालून ऐकलं असतं. आता मला तुम्हीच निवडलंय.”

दुसऱ्या दिवशी शेजारणीची मुलगी कळशी घेऊन त्याच वाटेने उतरली.

तात्पर्य एवढंच : मिळालेला हक्क भीतीपोटी दुसऱ्याच्या पारड्यात टाकला, की तक्रार करायचा हक्कसुद्धा त्याच्याच हाती जातो.