उत्तिय नायक आणि वेतगावचे पाणी

पूर्वी चंपका नगरात कोणी राजा नसून सभाच राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका कुंभाराच्या घरी जन्मला. त्याचे नाव उत्तिय. हा माणूस कुणाच्याही तोंडावर खरे बोलायचा, म्हणून कुंभारवाड्याने त्याला सभासद निवडून पाठवले.

त्या सभेची रीत अशी, की ठराव तीनदा मोठ्याने सांगायचा. सगळे गप्प राहिले तर तो मंजूर. एकाने जरी उठून विरोध केला तरी तो बारगळायचा. उत्तिय पहिल्याच वर्षी इतक्या वेळा उठला, की लोक म्हणू लागले, "याला आसन दिलंय तरी कशाला?"

हळूहळू त्याच्याभोवती गट जमला. भद्दसाल नावाच्या मित्राने खटपट करून त्याला गटाचा नायक केले. आता नायक गप्प तर सगळा गट गप्प. माणसे सांभाळता सांभाळता उत्तियही बसायला शिकला.

एका निवडीत कालव्याच्या टोकाला असलेल्या वेतगावाने विरोधी गटाला मते दिली. भद्दसाल चिडला. उन्हाळाभर वेतगावचे पाणी बंद ठेवावे, असा ठराव त्याने आणला. विरोधी गट तर हरल्यावर रुसून सभा सोडून गेलेला!

"तुला हो म्हणायचंसुद्धा नाहीये," भद्दसाल म्हणाला. "नुसतं गप्प बस. उठलास, तर नायकपद गेलं म्हणून समज."

सभेच्या दाराशी वेतगावची कुंडला म्हातारी उभी होती. उत्तिय दिसताच ती म्हणाली, "बाबा, आम्ही तुझ्या माणसाला मत दिलं नाही. खोटं कशाला बोलू? पण तहान काय मत विचारून लागते?"

उत्तिय आत जाऊन बसला.

ठराव एकदा सांगितला गेला. सभा शांत. दुसऱ्यांदा सांगितला गेला. उत्तियाने मागे वळून पाहिले, तर गटातले सगळे त्याच्याच तोंडाकडे बघत होते. कितीतरी जणांना हा ठराव नको होता, ते त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होते. पण उठायचे कुणी? अरेरे, ही भीती आपणच यांना शिकवली, असे वाटून त्याला स्वतःची लाज वाटली.

तिसऱ्यांदा ठराव सांगितला जाताच उत्तिय उठला. "मला हे मान्य नाही," तो म्हणाला.

ठराव पडला. त्याच दिवशी नायकपदही गेले आणि भद्दसाल नायक झाला. उत्तिय शेवटच्या रांगेत जाऊन बसला. तो तिथे बसलेला असताना भद्दसालाने तसला ठराव पुन्हा काही आणला नाही.

पुढच्या निवडीत वेतगावाने पुन्हा विरोधी गटालाच मते दिली. भद्दसाल हसत आला. "बघ! पद घालवलंस ज्यांच्यासाठी, त्यांनी काय केलं ते बघ!"

"मग काय झालं?" उत्तिय म्हणाला. "मत त्यांचं आहे. पाणी मिळतंय ना त्यांना?"

एवढी पूर्वजन्मीची कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा भद्दसाल म्हणजे आज माझा विरोध करणारा देवदत्त. कुंडला म्हातारी आज भिक्षुणी उत्पलवर्णा झाली आहे. आणि उशिरा का होईना, पण उठलेला तो उत्तिय मीच होतो."

आपल्याला न मानणाऱ्याचेही भले चिंतणे, हीच मैत्री पारमिता, म्हणजे मैत्रीची परिपूर्णता.