एका सूर्याचे किती मोर?

“सूर्य पडला! आणि आमच्या दरबारात कुणाला पत्ताही नाही!”

वैराटगडचे कीर्तिराज महाराज आपल्या चांदीच्या झोपाळ्यावरून गरजले, तशी दरबाऱ्यांनी घाबरून आधी खिडकीबाहेर पाहिलं. सूर्य तर जागच्या जागी होता! मग कुठे डोक्यात प्रकाश पडला, की महाराज आपल्या नाण्याबद्दल बोलताहेत.

वैराटगडचा रुपया सूर्यछाप आणि नदीपलीकडच्या सोनतळचा मोरछाप. महाराज गादीवर बसले तेव्हा एका सूर्याला पाच मोर मिळत. काल महाराज लेकीच्या सासरी, सोनतळला गेले होते. तिथे मोठ्या ऐटीत त्यांनी एक सूर्य मोडायला दिला, तर सराफाने हातावर टेकवले दोन मोर! वर व्याहीमहाराज मिशीतल्या मिशीत हसले. मग पंगतीतलं श्रीखंड काय गोड लागणार!

“महाराज, भाव खालीवर व्हायचाच,” कारभारी चाचरत म्हणाले.

“खालीवर? वर कधी गेला होता ते सांगा!”

कारभारी सांगणार कुठून? घाटावर रोजचा भाव खडूने फळीवर लिहायचा आणि दिवेलागणीला ओल्या फडक्याने पुसायचा, अशी वैराटगडची शिस्त. बारा वर्षांचे भाव त्या फडक्यात गेले होते.

शेवटी महाराजांनी स्वतःच शोध लावला. “सूर्य इथून निघतो पाच मोरांचा, पलीकडे पोचतो दोनांचा. मधे काय आहे? नाव! म्हणजे तीन मोर त्या नावेतच गळतात! करा जप्त!”

झालं! म्हाळसा नावाडणीला दरबारात उभं केलं. घाटावर नाव एकच, तिची. तिच्यावरच घरची चूल पेटायची. पण बाई घाबरेल तर शपथ! पदर खोचून म्हणाली, “महाराज, माझी नाव गळती खरी. पण पानी आत येतं, मोर भाईर जात न्हाईत!”

सगळ्या दरबाराने उपरण्यात तोंड लपवलं.

“फार चुरूचुरू बोलतेस!” महाराज तांबडेलाल झाले. “उद्या दुपारपर्यंत सांग, सूर्य कोणत्या साली किती पडला आणि कोणी पाडला. नाही सांगितलंस तर तुझ्या नावेची होळी!”

“आन् सांगितलं तर?”

“तर पाडणाऱ्याला तुझ्या नावेवर वल्हं मारायला लावीन!”

“मग त्यो कुनी का असंना?”

“कुणी का असेना! शब्द आहे आमचा!”

दुसऱ्या दिवशी म्हाळसा डोक्यावर पाटी घेऊन हजर! पाटीत नाण्यांच्या बारा माळा, प्रत्येकीला गाठ मारलेली.

“हे काय आणलंस?”

“आमच्या जळदेवीच्या माळा, महाराज. पावसाळाभर नाव काठावर पालथी. दसऱ्याला पान्यात घालतो. त्या दिसाच्या कमाईतला एक सूर्य घरात आनायचा न्हाई, ही आमची रीत. पलीकडं मोडायचा आन् मिळतील तेवढ्या मोरांना भोक पाडून देवीच्या गळ्यात घालायचं. साल सरलं की माळ उतरवून पेटीत. भोकाचा मोर बाजारात चालत न्हाई, म्हनून आमच्या घरधन्यालाबी कधी मोह झाला न्हाई!”

तिने माळा ओळीने मांडल्या. “ही आपन गादीवर बसलात त्या सालची. मोजा, पाच मोर! पुढल्या दोन सालीबी पाच. चवथ्या साली मातुर चार. त्या साली काय इशेष झालं हुतं, महाराज?”

महाराजांची छाती फुगली. “त्या साली आम्ही या झोपाळ्याच्या कड्या चांदीच्या केल्या!”

“लई छान! सातव्या साली तीन.”

“त्या साली फळीवर चांदीचा पत्रा चढवला! काय घडण आहे बघ!”

“बघत्येच की! आन् दहाव्या साली दोन.”

“त्या साली चार कोपऱ्यांना चांदीचे चार ह... ह...”

हत्ती महाराजांच्या घशातच अडकले. त्यांनी पाय टेकून झोपाळा थांबवला. कारभारी छताकडे पाहू लागले.

“कारभारी, ही चांदी आणली कुठून?”

“टांकसाळीतून, महाराज. आपणच म्हणालात, कुठूनही आणा पण दिवाळीआधी आणा! मग दर सूर्यात तेवढं तांबं घातलं...”

म्हाळसाने कनवटीचे दोन सूर्य काढले. जुना पांढराशुभ्र. नवा झिजल्या कडेला तांबूस. “पलीकडचा सराफ वरचं चित्र बघतच न्हाई, महाराज. चांदी किती, तेवढं बघतो.”

महाराजांचा आवाज एकदम बारीक झाला. “म्हणजे सूर्य पाडला कोणी?”

म्हाळसाने हात जोडले. “पडला कुठं, महाराज? चांगला झोके घेतोय की! आन् आपनच त्याच्यावर बसलाया!”

महाराजांनी खाली पाहिलं, कड्यांकडे पाहिलं, हत्तींकडे पाहिलं आणि हो हो हो करून असे हसत सुटले, की चारी हत्ती खुळखुळू लागले!

“वितळवा हा झोपाळा!” डोळे पुसत ते म्हणाले. “सगळी चांदी टांकसाळीला! आतली सागवानी फळी म्हाळसाच्या नावेत बसायला! आणि घाटाची नाव पिढ्यान् पिढ्या हिच्याच घराण्याकडे!”

“आन् वल्हं, महाराज?”

महाराजांनी कपाळावर हात मारला. पण शब्द तो शब्द!

पंधरवड्याने महाराज कासोटा कसून नावेत चढले, कमरेला टांकसाळीतला पहिला कोरा सूर्य. नाव जागच्या जागी तीन गिरक्या घेऊन मग कशीबशी निघाली. दोन्ही काठांवर जत्रा लोटली. पलीकडे व्याहीमहाराज पोट धरून उभे! सराफाने सूर्य तागडीत टाकला, डोळे चोळले, पुन्हा टाकला आणि मोजून पाच मोर दिले. “पाच!” म्हणून महाराजांनी अशी उडी मारली, की व्याह्यांचा फेटा चिखलात गेला.

परत नावेत येऊन महाराज सागवानी फळीवर ऐसपैस टेकले. “म्हाळसा, झोपाळ्यापेक्षा हिचा झोका बरा गं!”

“मग उद्याबी या, महाराज!” म्हाळसा म्हणाली आणि वल्हं त्यांच्या हातात दिलं.