'जर' नसलेले सूत्र

एका राज्यात 'जर' हा शब्द उच्चारताच माणसाची शिळा होत असे.

त्याचे कारण असे. राजा अरिंजय याने कालकेतू मांत्रिकाकडून आटलेले सरोवर भरवून घेतले आणि बदल्यात डोंगरावरचे वन देण्याचे वचन दिले. सरोवर भरले, तेव्हा राजाने नवी अट घातली. तीही पुरी झाली, तेव्हा आणखी एक घातली. मांत्रिक शांतपणे म्हणाला, "राजा, तुझ्या शब्दाला फाटे फुटतात. आजपासून 'जर' म्हणणारा शिळा होईल. फाटा न फुटणारी रीत माझ्या गुहेत येऊन जो सांगेल, तोच हा शाप मोडेल."

राजाने उत्तरासाठी तोंड उघडले, पहिलाच शब्द 'जर' निघाला आणि तो सिंहासनावरच दगड झाला.

मग राज्य भीतीने मुके झाले. वैद्य औषध सांगेनात. आया मुलांच्या तोंडावर हात ठेवून बसत. बाजारात लोक खुणांनी बोलत, तरी भरात कोणाच्या ना कोणाच्या तोंडून तो शब्द निसटे आणि खुणेचा हात हवेतच गोठे. एके सकाळी राणी आपल्या मुलीला, शाल्मलीला, जपून राहायला सांगत होती. वाक्य अर्धेच राहिले. शाल्मलीने आईच्या गार गालावर हात ठेवला आणि तशीच ती गुहेकडे निघाली.

गुहेत आधी आलेल्यांच्या शिळा उभ्या होत्या. सगळ्यांची तोंडे अर्धवट उघडी. मधल्या कुंडात एक खांब होता, खांबावर एक खूण, आणि वर मांत्रिकाचा निळा चास पक्षी बसला होता.

पक्षी म्हणाला, "पाणी खुणेच्या जितके हात वर, तितके अधिक मोजायचे; जितके हात खाली, तितके उणे. पाणी खुणेपासून किती दूर, ते एका रीतीने सांग. वर की खाली, हे विचारायचे नाही."

शाल्मलीला आठवले, उण्याला उण्याने गुणले की अधिकच येते. ती म्हणाली, "आकड्याला त्यानेच गुणावे आणि वर्गमूळ काढावे. अधिक तिनाचे तीन, उणे तिनाचेही तीन."

कुंडातले पाणी थरथरले.

पक्षी म्हणाला, "खुणेवर जितके पाणी तितके सोडायचे. खुणेखाली थेंबही नाही. रीत एकच हवी."

शाल्मलीने मनाशी दोन्ही आकडे मांडून पाहिले. मागे एका शिळेचा कण गळून पडला. "आकड्यात त्याचे खुणेपासूनचे अंतर मिळवावे आणि निम्मे करावे. अधिक तीन नि तीन सहा, निम्मे तीन. उणे तीन नि तीन शून्य, निम्मेही शून्य."

मग तिच्या दोन्ही बाजूंना पाण्याचे दोन स्तंभ उसळले. क्षणात हा उंच, क्षणात तो. पक्ष्याने विचारले, "यांतल्या उंचाची उंची सांग. निवड करायची नाही."

"दोघांची बेरीज घ्यावी, दोघांतले अंतर मिळवावे, निम्मे करावे."

"पटवून दे."

"ज..." शब्द ओठांवर आला. तिने जीभ चावली, पण डावे पाऊल घोट्यापर्यंत दगड झाले होते. गारवा वर सरकत होता. रक्त गिळून ती म्हणाली, "डावा सात, उजवा तीन. बेरीज दहा, अंतर चार, मिळून चौदा. निम्मे सात."

"अदलाबदल कर."

"डावा तीन, उजवा सात. बेरीज दहाच, अंतर चारच. उत्तर सातच."

स्तंभ कोसळले. पक्षी उडून गेला. एकेक शिळा श्वास घेऊ लागली. कोणी रडत होते, कोणी अजूनही बोलायला भीत होते.

नगरात राणीने मुलीला कवटाळले. राजाने त्याच दिवशी कालकेतूला वन दिले, एकही शब्द न जोडता. शाप मोडला, लोक पुन्हा मोकळेपणी बोलू लागले. शाल्मलीचे पाऊल मात्र दगडाचेच राहिले. पुढे ती राणी झाली. दरबाराच्या फरशीवर तिचे पाऊल वाजू लागले, की सबबी सांगायला उभे राहिलेले मंत्री गुपचूप खाली बसत.